कांस्यातून उठलेले अक्षर : 'अल्बर्टस' हा टंक आणि बर्थोल्ड वोल्पे

१/
लंडनच्या सर्वांत जुन्या भागाला 'सिटी ऑफ लंडन' म्हणतात. रोमन काळापासून वसलेला हा परिसर जेमतेम एका चौरस मैलाचा आहे. तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर एक ठसठशीत, किंचित पुरातन वाटणारे अक्षर दिसते. पाहणाऱ्याला ते अस्सल इंग्लिश वाटते. प्रत्यक्षात ते रेखाटणारा माणूस जर्मनीतून आलेला ज्यू निर्वासित होता, आणि १९४० मध्ये याच इंग्लंडने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून काटेरी तारांच्या कुंपणाआड पाठवले होते. त्या माणसाचा आणि त्याच्या अक्षराचा इतिहास सांगणारा हा धागा.

२/
प्रथम थोडी परिभाषा. इंग्रजी वर्तमानपत्रातील एखादे अक्षर बारकाईने पाहिले, तर उभ्या दांड्याच्या वर-खाली छोटी आडवी पट्टी दिसते. तिला सेरिफ म्हणतात. ही पट्टी नसलेली सरळसोट अक्षरे म्हणजे सॅन्स सेरिफ. मोबाइलच्या पडद्यावर आज बहुधा तीच दिसतात.
या दोन मोठ्या कुळांच्या मध्ये एक लहानसे तिसरे घराणे आहे. त्यात दांड्याला वेगळी पट्टी जोडलेली नसते. दांडाच टोकाकडे जाताना हळूहळू रुंदावतो, झाडाचा बुंधा जमिनीजवळ पसरावा तसा. या घराण्याला 'फ्लेअर्ड सेरिफ' म्हणतात. मराठीत 'पसरत्या टोकांचे अक्षर' म्हणता येईल.

३/
अक्षराचा आकार ही केवळ सौंदर्यदृष्टीची निवड नसते. ते कोणत्या हत्याराने आणि कोणत्या पदार्थावर घडले, याची खूण त्याच्या अंगावर राहते. रोममधील ट्रेजनचा स्तंभ इ. स. ११३ मध्ये उभा राहिला. त्याच्या पायथ्याच्या लेखातील अक्षरे गेली कित्येक शतके रोमन मोठ्या अक्षरांचा आदर्श मानली गेली. त्यांच्या टोकांचा पसारा छिन्नीमुळे आला, असा समज दीर्घकाळ होता. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ मध्ये दुसरी बाजू मांडली. छिन्नी लागण्यापूर्वी ती अक्षरे सपाट कुंचल्याने दगडावर लिहिली गेली होती आणि तो पसारा कुंचल्याच्या वळणातून आला, असे त्यांचे प्रतिपादन होते.

४/
अल्बर्टसची जन्मकथा मात्र ट्रेजन स्तंभासारख्या खोदीव अक्षराची नाही. ती उठावाच्या अक्षराची आहे. दख्खनमधील लेख पाहत हिंडणाऱ्यांना हा भेद ओळखीचा असेल. आपल्याकडील देवनागरी शिलालेखांत बहुधा अक्षर दगडात खोल खोदलेले असते. बहमनी आणि आदिलशाही काळातील फारसी लेखांत मात्र अक्षराभोवतीचा दगड काढून टाकलेला असतो आणि अक्षर वर उठून दिसते.
वरवर पाहता हा तंत्राचा किरकोळ फरक वाटतो. अक्षराच्या अंगकाठीवर मात्र त्याचा परिणाम मोठा होतो.

५/
खोदीव अक्षरात कारागीर अक्षराच्या आतून काम करतो. टोकाला केसासारखी बारीक रेघ काढणे त्याला सहज जमते, कारण ती रेघ म्हणजे दगडातली एक खाच असते.
उठावाच्या अक्षरात काम बाहेरून आत होते. प्रथम अक्षराची बाह्यरेषा आखली जाते, मग तिच्याभोवतीचा धातू छिन्नीने काढला जातो. उरते ते अक्षर. अशा वेळी बारीक, नाजूक सेरिफ ठेवले तर ते तुटण्याची आणि झिजण्याची भीती असते. म्हणून दांडे जाड राहतात, टोके हलकेच पसरतात आणि कडा धारदार येतात. अक्षराला एक भक्कम साधेपणा लाभतो. अल्बर्टसची बीजे या कारागिरीत आहेत.

६/
ही कारागिरी ज्या हातात होती, त्या हाताचे गाव ऑफेनबाख. जर्मनीत माइन नदीकाठी, फ्रँकफुर्टला अगदी लागून असलेले हे शहर. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अक्षरकलेचे मोठे केंद्र होते. छपाईचे खिळे ओतणारा क्लिंगस्पोर हा नामांकित कारखाना तिथे होता. त्या कारखान्यासाठी काम करणारे आणि तिथल्या कलाशाळेत शिकवणारे रुडॉल्फ कोख हे या केंद्राचे प्राण होते.
कोख अत्यंत धार्मिक वृत्तीचे ख्रिस्ती होते. अक्षरलेखन ही त्यांना एक प्रकारची उपासना वाटे. त्यांच्या कार्यशाळेत लेखन, धातुकाम, विणकाम, चर्चसाठी लागणाऱ्या वस्तू असे सारे एकत्र चाले.

७/
बर्थोल्ड वोल्पे यांचा जन्म २९ ऑक्टोबर १९०५ रोजी याच ऑफेनबाखमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी हाती प्रथम लेखणी धरली नाही, धातू धरला. धातुकाम करणाऱ्या एका व्यवसायात त्यांनी उमेदवारी केली आणि नंतर ते कोख यांचे विद्यार्थी झाले. फोर्त्सहाइम येथे त्यांनी सोनारकामाचे शिक्षणही घेतले. पुढे १९२९ पासून ते कोख यांचे सहायक होते.
गुरू निष्ठावान ख्रिस्ती, शिष्य ज्यू. त्या कार्यशाळेत दोघांना जोडणारा धागा होता तो अक्षराचा. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले रोमन वर्णमालांचे एक छोटे पुस्तक या दोघांनी मिळून केले आहे. त्याच वर्षी कोख यांचे निधन झाले.

८/
या काळात वोल्पे कांस्याच्या स्मृतिफलकांवर उठावाची अक्षरे कोरत होते. स्मृतिफलकाच्या मागण्या तशा साध्या असतात. तो दुरून वाचता यावा, उन्हापावसात टिकावा आणि शोकाचे गांभीर्य राखावे. अलंकाराला तिथे फारसा वाव नसतो. वोल्पे यांच्या अक्षरांत हे सारे गुण होते. त्या फलकांची छायाचित्रे इंग्लंडमध्ये एका अशा माणसाच्या पाहण्यात आली, ज्याच्या शब्दाला मुद्रणाच्या जगात वजन होते.

९/
तो माणूस म्हणजे स्टॅन्ली मॉरिसन. मोनोटाइप कॉर्पोरेशन या ब्रिटिश कंपनीचे ते मुद्राक्षर-सल्लागार होते. त्यांच्याच देखरेखीखाली तयार झालेला 'टाइम्स न्यू रोमन' हा टंक ३ ऑक्टोबर १९३२ रोजी लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकात प्रथम अवतरला.
मॉरिसन यांच्या चरित्रातील एक तपशील इथे नोंदवण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी लष्करी सेवेला नकार दिला होता आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला होता. राज्यसंस्था युद्धकाळात माणसाला कशी कोंडते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

१०/
१९३२ मध्ये वोल्पे लंडनला आले आणि मॉरिसन यांना भेटले. कांस्यफलकांवरील त्या अक्षरांवरून छपाईचा टंक तयार करावा, असे मॉरिसन यांनी त्यांना सुचवले. त्या टंकाला पुढे 'अल्बर्टस' हे नाव मिळाले. तेराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित अल्बर्टस मॅग्नस यांच्यावरून ते घेतले आहे. हे डॉमिनिकन पंथाचे साधू होते आणि थॉमस अक्वायनस यांचे गुरू होते. १२८० मध्ये कोलोन येथे त्यांचा अंत झाला.
एका ज्यू कारागिराने एका ब्रिटिश कंपनीसाठी केलेल्या टंकाला मध्ययुगीन जर्मन ख्रिस्ती विद्वानाचे नाव मिळावे, यात त्या वेळच्या युरोपातील विद्येची सरमिसळ दिसते. ही सरमिसळ लवकरच धोक्यात येणार होती.

११/
३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. ७ एप्रिलला सरकारी सेवेविषयीचा कायदा आला आणि ज्यू प्राध्यापक, शिक्षक, अधिकारी यांना पदांवरून काढण्यास आरंभ झाला. सप्टेंबरमध्ये 'राइख संस्कृती मंडळ' स्थापन झाले. चित्रकार, लेखक, वादक, मुद्राक्षरकार यांपैकी कोणालाही व्यवसाय करायचा असेल, तर या मंडळाचे सभासदत्व आवश्यक ठरले. ज्यू कलावंतांना ते मिळणे अशक्य झाले.
अशा व्यवस्थेत कोणाला मारहाण करावी लागत नाही. माणसाच्या हातातले काम काढून घेतले की तो आपोआप बाहेर पडतो. १९३५ मध्ये वोल्पे यांनी जर्मनी सोडली आणि ते लंडनला आले.

१२/
त्याच सुमारास, १९३५ मध्ये, अल्बर्टसची मोठी अक्षरे मोनोटाइपने लोकांसमोर आणली. शीर्षकांसाठी असलेला हा पहिला संच होता. लहान अक्षरे त्यानंतर आली आणि १९४० पर्यंत हलक्या व ठळक वजनांसह हे कुटुंब पूर्ण झाले.
१९३२ ते १९४० ही आठ वर्षे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. या टंकाची पहिली रेघ वोल्पे जर्मन नागरिक असताना आखली गेली. शेवटचे काम संपले त्या वर्षी जर्मनीने त्यांना नाकारलेले होते आणि ब्रिटनही त्यांच्याकडे संशयाने पाहत होता.

१३/
कांस्यावरचे अक्षर छापखान्यात कसे पोहोचले? मोनोटाइपचा कारखाना इंग्लंडमधील सरे परगण्यात सॅल्फर्ड्स येथे होता. कलावंताच्या रेखाटनावरून तिथले आरेखक प्रत्येक अक्षराचे मोठे, काटेकोर चित्र काढत. मग पॅन्टोग्राफ नावाच्या यंत्राने ते चित्र अनेक पटींनी लहान करून पोलादी ठशावर कोरले जाई. ठसा मऊ धातूत दाबून साचा बने आणि साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळा तयार होई.
पोलादी ठसा आणि शिशाचा खिळा ही दोन्ही मुळात उठावाचीच अक्षरे आहेत. भोवतालचा धातू काढला की अक्षर उरते, हे कांस्यफलकाचे तत्त्व ठशालाही लागू पडते. वोल्पे यांचे अक्षर छपाईत इतके स्वाभाविक का वाटते, याचे एक उत्तर इथे मिळते. धातूतून आलेले अक्षर धातूतच परतले होते.

१४/
आता अल्बर्टसचा चेहरा. दांडा मध्यभागी थोडा आकसलेला आणि टोकांशी रुंद. टोके सपाट कापलेली, कोपरे धारदार. जाड आणि बारीक रेषांतला फरक मर्यादित, त्यामुळे दुरूनही कोणतीच रेघ हरवत नाही. गोलाई आहे, पण ती कंपासने काढल्यासारखी यांत्रिक नाही. त्यात हाताचा किंचित ताण जाणवतो. मोठ्या 'यू'ला उजवीकडे लहान 'यू'सारखा पूर्ण दांडा आहे. ही त्याची ओळखीची खूण.
परिणाम असा की हे अक्षर जुने वाटते आणि शिळे वाटत नाही. सेरिफचा घरंदाजपणा आणि सॅन्स सेरिफचा नेटकेपणा एकाच देहात नांदतात.

१५/
हे अक्षर कुठे वापरावे? शीर्षक, मुखपृष्ठ, नामफलक, स्मृतिलेख, दुकानाची पाटी. जिथे शब्द थोडे आणि भार मोठा असतो, तिथे अल्बर्टस शोभते. ठळक वजनात तर एकेक अक्षर स्वतंत्र कोरल्यासारखे उभे राहते.
दीर्घ मजकुराला ते मानवत नाही. ओळीत वाहत जाणारे अक्षर वाचकाच्या नजरेतून नाहीसे व्हावे लागते. अल्बर्टस नाहीसे होत नाही, प्रत्येक शब्दाशी ते वाचकाला थांबवते. कादंबरी त्यात छापली तर वाचक दहा पानांत दमेल. फलकावर मात्र हेच थांबवणे हवे असते.

१६/
पसरत्या टोकांच्या अक्षराचा दुसरा प्रसिद्ध नमुना म्हणजे हर्मान त्साप्फ यांचा 'ऑप्टिमा'. १९५० मध्ये फ्लॉरेन्स येथील सान्ता क्रोचे चर्चमधील जुन्या थडग्यांवरची अक्षरे पाहून त्साप्फ यांनी हाताशी असलेल्या इटालियन नोटेवरच पहिले रेखाटन केले. तो टंक १९५८ मध्ये बाजारात आला. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकावरील हजारो नावे ऑप्टिमामध्ये आहेत.
ऑप्टिमा सडपातळ, शांत आणि गुळगुळीत आहे. अल्बर्टस भरदार आणि कणखर. तरुणपणी त्साप्फ यांना अक्षरकलेची ओढ लागली, ती न्यूरेंबर्ग येथे रुडॉल्फ कोख यांच्या कामाचे प्रदर्शन पाहून. म्हणजे दोन्ही टंकांच्या मागे ऑफेनबाखचा तोच गुरू उभा आहे.

१७/
वोल्पे यांनी इंग्लंडमध्ये केलेला आणखी एक टंक इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. त्याचे नाव 'साक्सेनवाल्ड'. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोनोटाइपसाठी केलेला हा टंक जुन्या जर्मन टोकदार वळणाचा, म्हणजे गॉथिक किंवा ब्लॅकलेटर घराण्यातला होता. सुरुवातीला तो बिस्मार्कच्या नावाने ओळखला जाई.
नाझी सत्तेने हे वळण आरंभी 'शुद्ध जर्मन' म्हणून डोक्यावर घेतले होते. त्याच वळणाचा एक देखणा टंक, देश सोडावा लागलेला एक ज्यू कलावंत लंडनमध्ये बसून रेखाटत होता. संस्कृतीवर मालकी सांगणारे आणि ती प्रत्यक्ष जपणारे नेहमी एकच नसतात.

१८/
या प्रकरणाचा शेवट अधिक विचित्र आहे. ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान याच्या सहीने नाझी पक्षाचे एक परिपत्रक निघाले. गॉथिक घराण्यातील 'श्वाबाखर' ही मुळात ज्यूंची अक्षरे आहेत, असे त्यात म्हटले होते आणि यापुढे रोमन अक्षरच सामान्य लिपी म्हणून वापरावे असा आदेश होता. या दाव्याला ऐतिहासिक आधार काहीच नव्हता. युरोपातील मोठा प्रदेश जिंकल्यावर तिथल्या लोकांना वाचता येईल अशी लिपी राज्यकर्त्यांना हवी होती, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण मानले जाते.
गंमत म्हणजे ज्या कागदावर हे परिपत्रक निघाले, त्याचा छापील मथळा गॉथिक अक्षरातच होता.

१९/
लंडनमध्ये आल्यावर वोल्पे 'फॅनफेअर प्रेस' या छापखान्यात अर्नेस्ट इंगम यांच्याबरोबर काम करू लागले. तिथे त्यांनी छपाईतील नक्षीचे अनेक तुकडे घडवले आणि १९३९ मध्ये त्यांचे एक पुस्तकही निघाले. परक्या भूमीत पाय रोवत असतानाच युद्ध सुरू झाले.
१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला. ब्रिटनवर स्वारी होईल, या धास्तीने सरकारने देशातील जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांची सरसकट धरपकड केली. त्यांत नाझींच्या तावडीतून निसटलेले हजारो ज्यू होते. हिटलरच्या लेखी ते जर्मन नव्हते आणि ब्रिटनच्या लेखी ते जर्मनच होते.

२०/
वोल्पे यांना ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. न्यू साउथ वेल्स प्रांतातील हे नावाच्या गावाजवळ, सपाट रुक्ष माळरानावर ही छावणी होती. तिथे अडकलेल्यांत प्राध्यापक, वादक, शास्त्रज्ञ, चित्रकार असे नाना प्रकारचे लोक होते.
या छावणीने स्वतःच्या नोटाही छापल्या. व्हिएन्नाचे चित्रकार जॉर्ज टेल्चर यांनी त्या रेखाटल्या. नोटेच्या कडेला काटेरी तारेची नक्षी आहे आणि त्या तारेच्या वळशांत बारीक अक्षरे दडवलेली आहेत. कैदेचे चिन्हच कैद्यांनी लेखनाचे साधन केले. आज या नोटा संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत दुर्मीळ आहेत.

२१/
१९४१ मध्ये वोल्पे यांना इंग्लंडला परतण्याची परवानगी मिळाली. ते 'फेबर अँड फेबर' या प्रकाशनसंस्थेत रुजू झाले आणि १९७५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कवी टी. एस. एलियट या संस्थेचे संचालक होते.
काळ कागदटंचाईचा होता. १९४२ पासून पुस्तकनिर्मितीत काटकसरीचे कडक नियम लागू झाले. कागद पातळ, छपाई साधी, चित्रांवर खर्च करणे अवघड. अशा वेळी केवळ एक-दोन रंग आणि ठसठशीत अक्षर यांच्या बळावर मुखपृष्ठ उभे करणे ही कलावंताची कसोटी होती. स्मृतिफलक कोरलेल्या हाताला ही कसोटी नवी नव्हती.

२२/
फेबरसाठी वोल्पे यांनी केलेल्या वेष्टनांची आणि मुखपृष्ठांची संख्या १,५०० च्या वर मोजली जाते. लॉरेन्स ड्युरेल यांची 'अलेक्झांड्रिया' कादंबरीमाला आणि सिल्व्हिया प्लाथ यांचा १९६५ चा 'एरियल' हा कवितासंग्रह ही त्यांतली ठळक नावे. अनेक मुखपृष्ठांवर अल्बर्टस आहे. इतर अनेकांवर त्यांनी कुंचल्याने किंवा लेखणीने हाताने काढलेली अक्षरे आहेत आणि त्यांतही अल्बर्टसचा वंश ओळखू येतो.
विसाव्या शतकाच्या मध्यातील इंग्रजी कविता वाचकाच्या हातात कोणत्या रूपात आली, हे ठरवण्यात या एका निर्वासिताचा वाटा फार मोठा आहे. १९६६ मध्ये 'द टाइम्स'ने पहिल्या पानावर जाहिरातींऐवजी बातम्या छापण्यास आरंभ केला, तेव्हा त्या दैनिकाचे नवे नावही वोल्पे यांनीच रेखाटले.

२३/
१९६७ आणि १९६८ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 'द प्रिझनर' ही १७ भागांची मालिका झाली. पॅट्रिक मॅकगूहन तिचे नायक आणि कर्ते. राजीनामा दिलेल्या एका गुप्तहेराला एका रमणीय गावात डांबले जाते. तिथे कोणालाही नाव नाही, प्रत्येकाला क्रमांक आहे. हिरवळ आहे, बँड आहे, हसरे चेहरे आहेत, फक्त बाहेर जाण्याची वाट नाही. चित्रीकरण वेल्समधील पोर्टमेरियन या गावात झाले.
त्या गावातील प्रत्येक पाटी अल्बर्टसच्या थोड्या बदललेल्या रूपात आहे. लहान 'ई'चा आकार बदलला आहे, 'आय'वरचा टिंब पुसला आहे.

२४/
निवड अचूक होती. या अक्षरात अधिकार आहे, पण लष्करी कोरडेपणा नाही. ते आदबीने हुकूम देते. गोड बोलणाऱ्या तुरुंगाला असेच अक्षर हवे.
मालिका करणाऱ्यांनी टंक निवडला तो दृश्य परिणामासाठी. इतिहास जाणणाऱ्याला मात्र इथे थबकावे लागते. ज्या माणसाला एका राज्याने वंशावरून आणि दुसऱ्याने पारपत्रावरून वर्गवारीत टाकले, ज्याने कुंपणाआडचे दिवस काढले, त्याचेच अक्षर नावे हिरावून घेणाऱ्या काल्पनिक छावणीच्या पाट्यांवर झळकले.

२५/
आणि म्हणून सिटी ऑफ लंडनच्या पाट्यांना वेगळा अर्थ येतो. त्या पाट्यांवर क्रमांक नाहीत, नावे आहेत. कुठे जुन्या बाजाराचे, कुठे एखाद्या व्यवसायाचे, कुठे जळून गेलेल्या चर्चचे. अल्बर्टसचा पसरता दांडा दुरून वाचता येतो, भिंतीवर ठाम बसतो आणि शेकडो वर्षांच्या नावाला साजेसे गांभीर्य देतो. कांस्याच्या स्मृतिफलकाकडून जे अपेक्षित होते, तेच रस्त्याच्या पाटीकडूनही अपेक्षित असते.
वोल्पे यांना १९५९ मध्ये 'रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री' हा मान मिळाला आणि १९८० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले. लंडनच्या कलाशाळांत त्यांनी दीर्घकाळ अक्षरकला शिकवली. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

२६/
शिशाचे खिळे गेले तरी अल्बर्टस गेला नाही. १९९० च्या दशकात कार्यालयांत पोहोचलेल्या लेझर प्रिंटरांतही तो अंगभूत टंक म्हणून बसवलेला असे. २०१७ मध्ये मोनोटाइपने जपानी मुद्राक्षरकार तोशी ओमागारी यांच्याकडून वोल्पे यांचे पाच टंक नव्याने घडवून घेतले. त्यांत 'अल्बर्टस नोव्हा' होता आणि साक्सेनवाल्डही होता. जर्मन वळण, ब्रिटिश कंपनी, जपानी हात. बोरमानच्या परिपत्रकाला अक्षराच्या इतिहासाने दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

२७/
कागदपत्रांत, शिलालेखांत किंवा जुन्या मुखपृष्ठांत आपण मजकूर वाचतो आणि पुढे जातो. अक्षराचे वळणही एक साधन आहे. ते कोणत्या हत्याराने घडले, कोणी घडवले, त्या हाताला त्या वेळी कोणत्या देशाने आसरा दिला आणि कोणी नाकारला, हे विचारता येते.
अल्बर्टसच्या बाबतीत उत्तर असे मिळते : अनावश्यक धातू काढून टाकल्यावर जे उभे राहते, ते अक्षर. वोल्पे यांच्याकडून देश, व्यवसाय आणि काही काळ स्वातंत्र्यही काढून घेतले गेले. उरलेल्यातून त्यांनी जे उभे केले, ते आज लंडनच्या भिंतींवर आहे.